बाजू मांडण्याआधी पुरावा मांडा

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाताना गोखिवरे, सातिवली, वालीव असा कारखान्यांचा पट्टा लागतो. प्लास्टिकचे सुटे भाग, इंजिनिअरिंगचे जॉबवर्क, पॅकिंगचे साहित्य असा नाना तऱ्हेचा माल इथल्या गाळ्यांतून रोज टेम्पोत चढतो. त्या मालाबरोबर कागदही बाहेर पडतात. थकलेल्या बिलाची मागणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिशीला खुलासा, बँकेला कर्जाचा प्रस्ताव, जीएसटी कार्यालयाला उत्तर, वीजबिलाची तक्रार. 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि ग्रामपंचायतीच्या कारभारातले वालीव तिचा भाग झाले. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. कार्यालये बदलली, वाढली आणि प्रत्येक कार्यालयाबरोबर लिहायच्या कागदांचीही भर पडली.

हे कागद बहुतेक वेळा गाळेमालक स्वतः लिहीत नाही. कर सल्लागार, वकील, कन्सल्टंट, टायपिंगवाला किंवा कारखान्यातलाच एखादा लिहिता हात त्याच्यासाठी लिहितो. दुसऱ्याची बाजू पटेल अशी लिहून देणे हा या मंडळींचा व्यवसाय आहे. त्या लिखाणावर कुणाचे चार लाख अडकलेले असतात, कुणाचा वीजजोड, कुणाच्या वीस कामगारांचा पगार. एवढे अवलंबून असलेल्या कौशल्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. चांगला अर्ज म्हणजे भारदस्त भाषा, असा समज अजून पक्का आहे. पत्राला वजन येते ते पुराव्याने आणि पुरावा नीट लावण्याने. ते काम लेखणी हातात घेण्याच्या बरेच आधी सुरू होते.

आपल्याकडच्या अशा पत्रव्यवहाराचे दोन ठरीव सूर आहेत. पहिला विनवणीचा. आम्ही गरीब लघुउद्योजक आहोत, परिस्थिती बिकट आहे, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. दुसरा धमकीचा. सात दिवसांत रक्कम न मिळाल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल. दोन्ही पत्रे लिहिणाऱ्याला समाधान देतात, पण वाचणाऱ्याला काहीच देत नाहीत. टेबलामागचा अधिकारी, बँकेचा शाखा व्यवस्थापक किंवा खरेदीदार कंपनीचा लेखापाल यांना एखाद्या प्रश्नावर निर्णय घ्यायचा असतो आणि तो फाईलवर समर्थनीय ठरावा लागतो. उद्या लेखापरीक्षणात किंवा वरिष्ठांनी विचारले तर ‘यामुळे मान्य केले’ असे ज्यावर बोट ठेवून सांगता येईल, असा कागद त्यांना हवा असतो. म्हणून अशिलासाठी लिहिणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचे ते हे की, हे पत्र वाचणाऱ्याला नेमके काय ठरवायचे आहे आणि ते ठरवायला त्याला कोणता आधार लागेल?

वालीवसारख्या ठिकाणी सर्वांत जास्त लिहिले जाणारे पत्र थकबाकीचे असते, म्हणून तेच उदाहरण घेऊ. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला चांगले संरक्षण देतो. लेखी करार असेल तर त्यातल्या तारखेपर्यंत, पण कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. करार नसेल तर ही मुदत 15 दिवसांची. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. वाद या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे नेता येतो. त्यासाठी ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्र सरकारने ‘समाधान’ पोर्टल सुरू केले. परिषदेत 90 दिवसांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकराच्या नियमाचीही जोड मिळाली आहे. मुदतीनंतर थकवलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष फेडेल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते.

आता एक काल्पनिक पण इथे रोज घडू शकेल असा प्रसंग धरा. एका गाळ्यातून 3 जूनला 4,20,000 रुपयांचा माल गेला. करारात 45 दिवसांची मुदत होती. पैसे आले नाहीत. दोनतीन फोन झाल्यावर 20 जुलैला खरेदीदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले की मालात दोष आहे. यावर सवयीने लिहिले जाणारे पत्र म्हणते, ‘आमचा माल उत्कृष्ट दर्जाचा असून आपण केलेला आरोप धादांत खोटा आहे.’ पण दर्जा उत्कृष्ट होता की नाही, हे वाचणाऱ्याला पत्रावरून कळणार कसे? हा वाद पुरवठादाराने स्वतःच अवघड मैदानावर नेऊन ठेवला.

पुराव्याच्या बाजूने विचार करणारा लेखक वेगळी सुरुवात करील. कायद्यानुसार माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे मानले जाते. म्हणजे या प्रकरणात निर्णायक तारीख 18 जून आहे. पत्राचा गाभा मोजक्या वाक्यांत मांडता येतो. माल 3 जूनला पोहोचला. सोबत आपल्या गेटच्या शिक्क्याचे चलन. 18 जूनपर्यंत आपली लेखी हरकत आलेली नाही. म्हणून पैसे देण्याची मुदत 18 जुलैला संपली. 19 जुलैपासून व्याज लागू झाले आहे. बँकदर साडेपाच टक्के धरला तर वार्षिक साडेसोळा टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याज 5,775 रुपये होते. या मजकुरात आवाज चढलेला नाही, विशेषण नाही, धमकीही नाही. तरीही खरेदीदाराच्या लेखा विभागाला तो बाजूला सारता येणार नाही, कारण प्रत्येक वाक्यामागे एक कागद किंवा कायद्याचे एक कलम आहे.

यातून या कामाचे पहिले सूत्र निघते. प्रत्येक विधानापुढे त्याचा पुरावा लिहून पाहावा आणि ज्याच्यापुढची जागा रिकामी राहते ते विधान काढावे किंवा सौम्य करावे. सोबतचे कागद पत्राच्या शेवटी गठ्ठ्याने न जोडता त्यांना क्रमांक द्यावेत आणि मजकुरात जिथे दावा आहे तिथेच तो क्रमांक घालावा. घटना तारखेच्या क्रमाने लावाव्यात. बरेचसे वाद नुसता तारखांचा तक्ता मांडला तरी निम्मे सुटतात, कारण चूक कुणाची हे तारखाच सांगू लागतात.

दुसरे सूत्र अधिक कठीण आहे. अशिलाच्या बाजूने लिहिण्यापूर्वी त्याच्या विरुद्ध जे जास्तीत जास्त जोराने म्हणता येईल ते स्वतः लिहून काढावे. वरच्याच उदाहरणात पाहू. चलनावर गेटचा शिक्का आहे, पण तारीख आहे का? खरेदीदाराने 10 जूनला ईमेलवर तक्रार केली होती आणि ती कुणी उघडलीच नाही, असे तर नाही ना? पुरवठादार स्वतः उत्पादन करतो की दुसऱ्याचा माल घेऊन विकतो? व्यापाऱ्यांना लघुउद्योग म्हणून सरकारची उद्यम नोंदणी मिळत असली तरी थकबाकीच्या या संरक्षणाचा लाभ त्यांना सहसा मिळत नाही. आणि उद्यम नोंदणी माल पुरवण्याआधी झाली होती की नंतर? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात नोंदणीनंतरच्या पुरवठ्यालाच लाभ मिळेल असे म्हटले. पुढे जानेवारी 2025 मध्ये एनबीसीसी प्रकरणात दुसऱ्या पीठाने या भूमिकेबद्दल शंका उपस्थित करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. प्रामाणिक लेखक यातला सोयीचा निवाडा उचलून दुसरा झाकत नाही. तो अशिलाला दोन्ही सांगतो आणि अर्जात दोन्हींना धरून बाजू मांडतो. विरोधी मुद्दा आपण आधी मांडून उत्तर दिले तर वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो. तोच मुद्दा समोरच्याने शोधून काढला, तर आपल्या खऱ्या विधानांवरचाही विश्वास उडतो.

अशिलाची चूक असेल तेव्हा काय करायचे, हा या व्यवसायातला खरा कसोटीचा प्रश्न. प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारणे दाखवा नोटीस हे त्याचे उदाहरण. जल कायदा, 1974 नुसार सांडपाण्याचा नमुना घेण्याची ठरलेली पद्धत आहे. नमुना घेताना मालकाला तिथल्या तिथे सूचना द्यावी लागते. त्याने मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही डबे सीलबंद करावे लागतात आणि त्यांवर दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. ही पद्धत पाळली नसेल तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयीन कारवाईत पुरावा म्हणून चालत नाही. हा बचाव खरा आहे आणि वस्तुस्थिती तशी असेल तर तो लिहिलाच पाहिजे. पण मागणी करण्याची वेळ नमुना घेताना असते. तेव्हा गाळ्यावर हजर असलेल्या सुपरवायझरला हे माहीत नसेल, तर सहा आठवड्यांनी लिहिलेला उत्तम खुलासाही ती वेळ परत आणू शकत नाही.

आणि सांडपाणी खरोखरच प्रक्रिया न होता नाल्यात गेले असेल तर? ‘आमच्या कारखान्यातून कोणतेही प्रदूषण होत नाही’ असे लिहून देणे हा खोटेपणा तर आहेच, शिवाय तो अशिलाचे नुकसान करणारा सल्लाही आहे. कारण पुढच्या तपासणीत ते एकच वाक्य त्याच्या सगळ्या पुढच्या पत्रांना नडते. अशा वेळी खुलासा तीन भागांत लिहावा. जे घडले आणि मान्य आहे ते स्पष्ट मान्य करावे. जे मान्य नाही ते कारणासह नाकारावे. आणि दुरुस्तीसाठी काय केले, कोणत्या तारखेला, कोणत्या बिलाने, ते दाखवावे. पंप 12 तारखेला बंद पडला, 14 तारखेला नवा बसवला, हे त्याचे बिल, ही लॉगबुकातली नोंद, हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा त्यानंतरचा अहवाल. असा खुलासा वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कठोर आदेशाऐवजी मुदतीचा आदेश देण्यासाठी फाईलवर आधार मिळतो. नाल्याकाठी राहणारे लोक त्या पत्रव्यवहारात कुठेच नसतात. त्यांच्या वाट्याला येणारे पाणी मात्र त्याच पत्रातल्या सत्यावर ठरते. अशिलाशी निष्ठा ठेवताना हे विसरता येणार नाही.

पुरावा आणि समजूत यांतला फरक किती मोठा असतो, हे शिकायला आपल्या कोकणातच एक थोर खटला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्या डिसेंबरमध्ये सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गावातल्या बहुसंख्यांना ते स्वयंसिद्ध वाटत असणार. न्यायालयाने मात्र त्याचा पुरावा मागितला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले होते. मज्जाव होत होता हे दाखवता आले, पण तो कायद्याला मान्य होईल इतका पुरातन आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. जवळपास दहा वर्षांनी, 17 मार्च 1937 रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. दाव्यात ‘अनादि काळापासून’ लिहायला एक ओळ पुरली होती. ती शाबीत करायला तीन न्यायालये अपुरी पडली. सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, हे तत्त्व दुबळ्याचे किती मोठे शस्त्र होऊ शकते, ते या निकालात दिसते.

आजचा पुरावा बहुतांशी मोबाईलमध्ये असतो. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, मालाचा फोटो तिथेच जातो, ‘माल मिळाला, धन्यवाद’ हेही तिथेच. याचे मोल आपल्याकडच्याच एका निवडणूक खटल्याने दाखवले. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, असा पराभूत प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण हा त्यातला महत्त्वाचा पुरावा होता. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरण हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सारे करूनही ते मिळाले नाही, तर त्या पक्षाला सवलत मिळू शकते, हेही सांगितले. ती सवलत गोरंट्याल यांच्या बाजूला मिळाली, कारण त्यांनी अधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र वारंवार मागितल्याची नोंद होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 नुसार द्यायच्या या प्रमाणपत्राचा नमुनाच अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे. प्रत्येक वाद न्यायालयात जात नाही, पण जाऊ शकतो. म्हणून संभाषणाचा स्क्रीनशॉट काढून मूळ मजकूर पुसू नये, जुना मोबाईल विकण्याआधी नोंदी जपाव्यात आणि महत्त्वाची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर ठरली की त्याच दिवशी ईमेलने पक्की करावी.

नव्या साधनांनी एक नवा धोकाही आणला आहे. संगणकाला सांगितले की तो क्षणात घोटीव भाषेतला अर्ज लिहून देतो आणि त्यात निवाड्यांचे दाखलेही घालतो. ते दाखले अनेकदा अस्तित्वातच नसतात. जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने असे बनावट दाखले दिल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलरचा दंड केला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक निर्धारण आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून घेतलेले निवाडे कुठे सापडतच नव्हते. म्हणजे ही चूक अर्जदाराकडून होते तशी शासनाकडूनही होते. यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही. पण ज्या निवाड्याचे नाव आपण लिहितो तो स्वतः उघडून वाचलेला असावा, ज्या आकड्यावर भिस्त ठेवतो तो मूळ कागदावर पाहिलेला असावा. सही करणाऱ्याची ही जबाबदारी कुठल्याही यंत्राकडे जात नाही.

इथे एक अडचण मान्य करायला हवी. पुराव्यावर भर दिला की ज्याच्याकडे लेखापाल, वकील आणि कपाट आहे त्याला आपोआप फायदा होतो. मोठ्या खरेदीदाराकडे प्रत्येक ईमेल जपलेला असतो. वालीवच्या छोट्या जॉबवर्कवाल्याकडे वहीतली एक ओळ असते. कामगाराकडे तर बऱ्याचदा हजेरी कार्डही नसते. ही विषमता खरी आहे. यावर भावनेचे पत्र हा उपाय नाही, कारण ते सर्वांत आधी टोपलीत जाते. उपाय आहे तो पुरावा निर्माण करण्याची आणि मिळवण्याची सवय लहानातल्या लहान माणसापर्यंत पोहोचवण्याचा. चलनावर तारखेसह सही आणि शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नये. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. दर तीन महिन्यांनी खरेदीदाराकडून बाकी रकमेची लेखी कबुली मागावी. सरकारी फाईलमधले तपासणी अहवाल आणि टिपण्या माहिती अधिकार कायदा, 2005 नुसार मागता येतात आणि त्याला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळणे बंधनकारक आहे. आपल्या विरुद्ध काय लिहिले आहे हे न वाचताच त्याला उत्तर लिहिणे थांबवले पाहिजे.

हे एकट्यादुकट्याच्या प्रयत्नाने होणार नाही. इस्टेटींच्या सोसायट्या आणि उद्योजकांच्या संघटना सभासदांसाठी चलन, थकबाकीचे पत्र आणि खुलासा यांचे चांगले मराठी नमुने तयार करू शकतात. वसई-विरारच्या महाविद्यालयांत वाणिज्य आणि विधी शिकणाऱ्या मुलांना निबंधाबरोबर एखाद्या खऱ्या वादाच्या कागदपत्रांवरून दोन्ही बाजूंची टिपणे लिहायला लावता येतील. ज्याला दुसरी बाजू तितक्याच ताकदीने लिहिता येते, त्यालाच आपली बाजू नीट कळलेली असते. कार्यालयांनीही आपला वाटा उचलावा. अर्ज घेतला की पोच द्यावी आणि नाकारला तर कोणत्या मुद्द्यावर व कोणत्या पुराव्याअभावी, ते लिहून द्यावे. ‘नियमात बसत नाही’ एवढ्या उत्तराने अर्जदाराला काहीच शिकता येत नाही आणि तोच अर्ज वर्षभर फिरत राहतो.

दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याकडे अशील येतो तो आपल्या बाजूची खात्री घेऊन, बहुधा रागही घेऊन. त्या रागाला भाषा देणे सोपे आहे आणि त्याचे पैसेही मिळतात. त्याला समोर बसवून ‘हे कशावरून?’ असे पुन्हा पुन्हा विचारणे, जे सिद्ध होत नाही ते लिहिणार नाही असे सांगणे, आणि उरलेले मात्र असे मांडणे की वाचणाऱ्याला नाही म्हणायला जागा राहू नये, हे अवघड आहे. वालीवमधल्या कष्टाच्या धंद्यांना अशाच लेखकांची गरज आहे आणि असे लेखक घडवणे हे आपल्या संघटनांचे, महाविद्यालयांचे आणि या व्यवसायातल्या ज्येष्ठांचे काम आहे.